प्रतिध्वनीची चिप कशी निवडावी?

जुन्या विहिरीच्या काठावर वाकून आत हाक मारली, की विहीर आपलीच हाक आपल्याला परत देते. डोंगरकपारीला गुरे राखणाऱ्या पोरांना हा खेळ कुणी शिकवावा लागत नाही. विजापूरच्या गोलघुमटात जाऊन आलेल्या मंडळींनी तर वरच्या सज्जात उभे राहून टाळी वाजवून पाहिली असेलच. त्या घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे आणि ध्वनी हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे टाळीचा आवाज समोरच्या भिंतीला लागून परत यायला पाव सेकंदाहून किंचित कमी वेळ लागतो. शाळेत आपण शिकवतो, की मूळ आवाज आणि परतलेला आवाज यांत सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाचे अंतर पडले तर प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो, आणि त्यासाठी भिंत निदान १७ मीटर दूर हवी. हे सारे तुमच्या ओळखीचे आहे.

पण आपल्या गावच्या भजनी मंडळाला गोलघुमट कुठून मिळणार? मंडपात ताडपत्री, वर पत्रा, आणि पुढे एक ध्वनिवर्धक. तरीही त्या ध्वनिवर्धकावरची ‘एको’ नावाची खुंटी फिरवली, की बुवांचा आवाज घुमटात गेल्यासारखा परत परत येऊ लागतो. ही किमया खुंटीमागे बसलेली एक इवलीशी चिप करते. आवाज आत घ्यायचा, थोडा वेळ धरून ठेवायचा आणि मग सोडायचा, एवढेच तिचे काम. अशी चिप विकत आणून हाताने एखादे यंत्र बांधावे, अशी हौस आता खेड्यापाड्यांतल्या मुलांनाही लागली आहे. विज्ञान प्रदर्शनात मांडायला हा विषय फार चांगला आहे. अडचण एकच येते. बाजारात या चिपा डझनावारी नावांच्या आहेत, दिसायला बहुतेक सारख्या आहेत, आणि चुकीची निवडली तर कष्टाचे पैसे वाया जातात. तेव्हा निवड कशी करावी, हे आज आपण पाहू. मी गणिताचा अध्यापक आहे. विजेचे काम हा माझा छंद. त्यामुळे थोडे गणित येईल, पण ते पाचवी-सहावीच्या भागाकारापलीकडे जाणार नाही, असा शब्द देतो.

प्रथम ही चिप आवाज धरून कशी ठेवते, ते पाहू. गावात गवताच्या गंजीला आग लागली, की आपण काय करतो? विहिरीपासून गंजीपर्यंत माणसांची रांग लावतो. पहिला बादली भरतो, दुसऱ्याच्या हाती देतो, दुसरा तिसऱ्याच्या, असे करीत पाणी हातोहात पुढे सरकते. १९६९ साली हॉलंडमधील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर या दोन संशोधकांनी नेमकी हीच युक्ती विजेच्या भाराला लावली. चिपमध्ये बारीक बारीक कंडेन्सरांची रांग असते. आवाजाच्या लहरीचा त्या क्षणी जेवढा दाब असेल, तेवढा भार पहिल्या कंडेन्सरात भरला जातो. मग हुकूम सुटला, की तो दुसऱ्यात जातो, पुढच्या हुकमाला तिसऱ्यात, आणि असा सरकत सरकत शेवटच्या कंडेन्सरातून बाहेर पडतो. या जातीच्या चिपांना इंग्रजीत ‘बकेट ब्रिगेड’ असेच नाव पडले. आपण त्यांना ‘बादली-रांगेच्या चिपा’ म्हणू या.

यात एक बारकावा आहे. माझ्या दोन्ही हातांत भरलेली बादली असताना मी तुमची बादली घेऊ शकत नाही. माझे हात आधी रिकामे हवेत. म्हणून रांगेत एक भरलेला, एक रिकामा, एक भरलेला, एक रिकामा अशी व्यवस्था ठेवावी लागते. हुकूमही दोन द्यावे लागतात. एका हुकमाला विषम क्रमांकांनी द्यायचे, दुसऱ्याला सम क्रमांकांनी. चिपला हे हुकूम देणाऱ्या स्पंदांना ‘क्लॉक’ म्हणतात आणि ते दोन तारांवरून आलटून पालटून येतात. क्लॉकचा एक पूर्ण फेरा झाला, की भार दोन घरे पुढे सरकलेला असतो.

झालं! एवढ्यावरून सूत्र तयार झाले. शिक्षक बंधूंनी ते फळ्यावरच लिहावे. विलंब म्हणजे टप्प्यांची संख्या भागिले क्लॉकच्या स्पंदसंख्येची दुप्पट. उदाहरण घेऊ. एका चिपमध्ये १०२४ टप्पे आहेत आणि क्लॉक सेकंदाला १,००,००० वेळा, म्हणजे १०० किलोहर्ट्झने चालते आहे. १०२४ ला २,००,००० ने भागा. उत्तर येते ५.१२ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजारांश भागांपैकी पाच. आता क्लॉक दहापट मंद करून १० किलोहर्ट्झ केले, तर विलंब दहापट वाढून ५१.२ मिलिसेकंद होतो. चिप तीच, हुकूम सावकाश दिले, की पाणी सावकाश पोहोचते.

येथे कुणी हुशार विद्यार्थी विचारील, ‘मग सर, क्लॉक आणखी मंद करू या की! छोट्या चिपमधूनच अर्ध्या सेकंदाचा एको निघेल.’ प्रश्न चांगला आहे, आणि निवडीचे सगळे मर्म या प्रश्नाच्या उत्तरात आहे. सिनेमात धावत्या गाडीची चाके कधी कधी उलटी फिरताना दिसतात, हे तुम्ही पाहिले असेल. चित्रे पुरेशा वेगाने घेतली नाहीत, की चाकाची खरी गती हरवते आणि भलतीच दिसू लागते. ध्वनीचेही तसेच आहे. ज्या स्वराची कंपने सेकंदाला जितकी, त्याच्या दुपटीहून अधिक वेळा त्याची नोंद घेतली पाहिजे. घेतली नाही तर स्वर बिघडून भलताच कर्कश आवाज त्यात शिरतो. व्यवहारात दुपटीवर भागत नाही; क्लॉक तिपटीच्या आसपास धरावे. म्हणजे क्लॉक १० किलोहर्ट्झ असेल, तर आवाज सुमारे ३.३ किलोहर्ट्झपर्यंतच शुद्ध जाणार. तारेच्या टेलिफोनवर एवढाच आवाज जातो. बोलणे कळते, पण झांजेचा खणखणाट जात नाही. शिवाय कंडेन्सरांची ही भांडी किंचित गळकी असतात. पाणी फार वेळ हातात धरले, तर वाटेतच झिरपते. म्हणून या चिपांच्या माहितीपत्रकात क्लॉकची खालची मर्यादा बहुधा १० किलोहर्ट्झ दिलेली असते.

आता त्या विद्यार्थ्याला उत्तर देऊ. १०२४ टप्प्यांच्या चिपमधून ३०० मिलिसेकंद विलंब काढायचा, तर क्लॉक केवढे हवे? १०२४ भागिले ०.६, म्हणजे सुमारे १.७ किलोहर्ट्झ. त्यातून जेमतेम पाचशे-सहाशे हर्ट्झपर्यंतचा आवाज जाईल. बुवांचा अभंग रजईखालून म्हटल्यासारखा ऐकू येईल! याच कामाला ४०९६ टप्प्यांच्या दोन चिपा एकापुढे एक जोडल्या, तर टप्पे झाले ८१९२ आणि क्लॉक येते सुमारे १३.६ किलोहर्ट्झ. आवाज चार-साडेचार किलोहर्ट्झपर्यंत जातो. एवढा एको कानाला गोड लागतो.

तेव्हा पहिला नियम असा, की चिप निवडण्याआधी काम निवडावे. विलंबाची कामे ढोबळ मानाने तीन आहेत. पहिले काम म्हणजे स्वराला लहरत्या घोंघावाची छटा देणे. त्याला ‘फ्लँजर’ म्हणतात आणि त्याला एक ते दहा मिलिसेकंदांचा, सतत हलता विलंब लागतो. दुसरे काम ‘कोरस’चे. एकच पेटी वाजत असता दोन पेट्या वाजताहेत असा भास व्हावा, यासाठी पाच ते तीस मिलिसेकंदांचा, हळूहळू कमीजास्त होणारा विलंब लागतो. दोन वादक कितीही कसलेले असले, तरी अगदी एकाच क्षणी, एकाच सुरात राहत नाहीत. तो नैसर्गिक फरक येथे चिप निर्माण करते. तिसरे काम खऱ्या एकोचे. त्याला शंभर ते तीनचारशे मिलिसेकंद विलंब हवा.

फ्लँजरला ५१२ किंवा १०२४ टप्पे बस्स होतात. कोरसला १०२४ टप्पे उत्तम. हिशेब करून पाहा. १० मिलिसेकंदांसाठी क्लॉक ५१.२ किलोहर्ट्झ येते, म्हणजे आवाजाला भरपूर मोकळी वाट मिळते. एकोला मात्र ४०९६ टप्पे हवेत, आणि तेही शक्य तर जोडीने. ‘मोठी चिप घेतली तर सगळीच कामे होतील’ असा विचार करू नये. रांगेत माणसे वाढली, की सांडलवंडही वाढते. टप्पे वाढतात तशी खरखर वाढते, आवाजाची शुद्धता घटते, आणि एवढ्या सगळ्यांना एकदम हुकूम द्यायचा म्हणून क्लॉकवरचा बोजाही वाढतो. कोरससाठी ४०९६ टप्प्यांची चिप घेणे म्हणजे परसातल्या वाफ्याला पाणी द्यायला दहा अश्वशक्तीचा पंप लावणे.

आता नावांकडे वळू. या चिपांची सर्वांत प्रसिद्ध मालिका जपानच्या मात्सुशिता कंपनीने काढली. तिच्या दोन शाखा लक्षात ठेवा, म्हणजे अर्धे काम झाले. पहिली शाखा ‘एमएन ३०’ने सुरू होणाऱ्या चिपांची. तीत ३००७ ही १०२४ टप्प्यांची, ३००८ ही २०४८ टप्प्यांची आणि ३००५ ही ४०९६ टप्प्यांची. या १५ व्होल्टच्या वीजपुरवठ्यासाठी आखलेल्या आहेत. दुसरी शाखा ‘एमएन ३२’ची, मागाहून आलेली आणि कमी व्होल्टवर चालणारी. तीत ३२०७, ३२०८ आणि ३२०५ अशी तीच चढण आहे. म्हणजे १०२४, २०४८ आणि ४०९६ टप्पे. शेवटचा आकडा सारखा, तर टप्पेही सारखे, अशी खूण मनाशी बांधावी. पहिल्या शाखेत खरखर थोडी कमी; दुसरीला वीज कमी लागते, त्यामुळे बॅटरीवर काम करणाऱ्याला ती सोयीची.

पण सावधान! या दोन शाखांची वीज एकमेकींच्या उलट आहे. ३००७ आणि ३२०७ या शेजारी ठेवल्या, तर दोघींना आठच पाय, आणि पायांची कामेही त्याच क्रमाने. तरीही ३२०७ ला सरळ धन वीज लागते आणि ३००७ ला ऋण. धन वीजपुरवठ्यावर ३००७ वापरायची झाली, तर तिचा ‘ग्राउंड’ म्हणवणारा पाय धन तारेला आणि दुसरा पाय शून्याला जोडावा लागतो. एकीच्या जागी दुसरी खोचली, की चिप गेलीच म्हणून समजा. आणि ३२०७ ला १० व्होल्टच्या वर नेऊ नये. बाजारात स्वस्तात मिळणारे ९ व्होल्टचे साधे अॅडॉप्टर रिकामे असताना कित्येकदा बारा-तेरा व्होल्ट दाखवते. म्हणून मध्ये ७८०५ किंवा ७८०८ सारखा रेग्युलेटर घालणे शहाणपणाचे. पाचदहा रुपयांची सुपारी वाचवायला जाऊन सगळा विडा वाया घालवू नये.

प्रत्येक शाखेला हुकूम देणारा मुकादमही वेगळा आहे. ३० च्या शाखेला एमएन ३१०१, आणि ३२ च्या शाखेला एमएन ३१०२. हा मुकादम दोन्ही तारांवरचे स्पंद तर देतोच, शिवाय मुख्य विजेच्या पंधरापैकी चौदा भाग इतका एक जादा दाबही देतो. रांगेच्या चिपला तो लागतोच. चिप आणि मुकादम यांची जोडी एकत्रच खरेदी करावी. एक आणून दुसऱ्यासाठी महिनाभर थांबलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

मात्सुशिताने या चिपांचे उत्पादन केव्हाच बंद केले. मग आज आपल्याला काय मिळते? चीनमधील कूलऑडिओ कंपनी ‘व्ही ३२०७’, ‘व्ही ३२०५’, ‘व्ही ३१०२’ या नावांनी, आणि बेलिंग ही दुसरी कंपनी ‘बीएल ३२०७’ यासारख्या नावांनी दुसऱ्या शाखेच्या नकला काढीत आली आहे. येथे नक्कल म्हणजे लबाडी नव्हे; आपल्याच नावाने, आपल्याच छापाने काढलेली ती उघड प्रतिकृती असते. शिकण्यासाठी मी ह्याच घ्या म्हणेन. जुन्या जपानी ३००५ ला मात्र दर्दी लोक भारी किंमत मोजतात, आणि जेथे भारी किंमत असते तेथे भेसळ येतेच. एखाद्या स्वस्त चिपवरची अक्षरे खरवडून त्यावर नवे नाव छापायचे, हा धंदा जगभर चालतो.

आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. वडील भजनी मंडळात पेटी वाजवतात. मुलाने सुट्टीत एका दुकानात काम करून पैसे साठवले आणि एकोसाठी ३२०५ च्या दोन चिपा घरपोच मागवल्या. यंत्र जोडले, आवाज आला, पण एको काही येईना. पेटी नुसती पिंपात बसून वाजवल्यासारखी घुमायची. जोडणी तीनदा तपासली. घरची मंडळी म्हणू लागली, याला जमत नाही, पैसे पाण्यात गेले. मुलगा कष्टी झाला. पण सूत्र त्याला येत होते. एकेक चिप वेगळी घेऊन त्याने क्लॉक नेमके १० किलोहर्ट्झवर लावले. काही साध्या मल्टिमीटरांवर स्पंदसंख्या मोजण्याची सोय असते, तिने ते पडताळले. मग मूळ आवाज आणि विलंबित आवाज अशा दोन्ही तारा दोन रेझिस्टरांतून एकत्र करून संगणकात नेल्या, एक ‘टक्’ असा आवाज दिला आणि ध्वनिमुद्रणाचे चित्र पडद्यावर मोठे करून पाहिले. दोन टोके उमटली. पण अंतर २०५ मिलिसेकंदांचे हवे तेथे ५१ चेच! दुसऱ्या चिपचेही तेच. आता सूत्र उलटे फिरवा. टप्पे म्हणजे विलंब गुणिले क्लॉकची दुप्पट. ०.०५१ गुणिले २०,००० म्हणजे १०२०. चिपवर नाव ४०९६ वालीचे, आणि पोटात टप्पे १०२४! विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत. पण मुलाची जोडणी बरोबर होती, हे घरच्यांपुढे सिद्ध झाले. आणि १०२४ टप्पे कोरसला उत्तम, हे आपण मघाशी पाहिलेच. त्याने त्यांतली एक चिप कोरससाठी लावली. आज वडिलांच्या एका पेटीतून दोन पेट्यांचा भरणा निघतो.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, चिप बोर्डाला थेट डाख देऊन कधीही बसवू नये. आधी सॉकेट बसवावे आणि चिप त्यात खोचावी; म्हणजे काढून तपासता येते. दोन, मूळ किमतीपेक्षा फारच स्वस्त, नव्या कोऱ्या चकचकीत अक्षरांची ‘जुनी जपानी’ चिप दिसली, तर हात आखडता घ्यावा.

आणखी एक मार्ग आहे, आणि तो सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. ज्याला केवळ माइकसाठी एको हवा आहे, त्याने बादली-रांगेच्या फंदात न पडता ‘पीटी २३९९’ ही चिप घ्यावी. तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजी कंपनीची ही चिप आतून अंकी पद्धतीने काम करते. आवाजाचे आकडे करून ती स्मरणात ठेवते आणि पुन्हा त्यांचा आवाज करते. सोळा पाय, पाच व्होल्ट वीज, क्लॉक पोटातच. सहाव्या पायाला जोडलेल्या एका रेझिस्टरने विलंब ठरतो. सुमारे ३० पासून ३४० मिलिसेकंदांपर्यंत. विलंब वाढवत नेला, की हिच्यातही खरखर वाढते. किमतीने ती बादली-रांगेच्या चिपेपेक्षा कितीतरी स्वस्त असते, आणि तयार एको-किटांतून बहुधा हीच बसवलेली असते. सहाव्या पायाशी किमान एकदोन किलोओहमचा रेझिस्टर कायमचा ठेवावा. नाहीतर वीज चालू करताना चिप कधी कधी मुकी होऊन बसते. मात्र ३० मिलिसेकंदांच्या खाली ती फारशी उतरत नाही, म्हणून फ्लँजरला निरुपयोगी आणि कोरसला अपुरी. म्हणजे पुन्हा तेच आले. आधी काम ठरवा.

आता शाळेत हे यंत्र बांधू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. चिपमध्ये आवाज शिरण्यापूर्वी एक फिल्टर हवाच, म्हणजे न झेपणारे उंच स्वर बाहेरच राहतात. चिपमधून बाहेर पडल्यावर दुसरा फिल्टर हवा, म्हणजे क्लॉकची शीळ मिसळत नाही. चिपला बाहेर देणारे पाय दोन असतात; ते दोन्ही एका लहान प्रीसेटवर एकत्र करून शीळ कमीत कमी होईल तेथे ठेवावे. आत जाणाऱ्या पायाला विजेच्या साधारण निम्म्या दाबाची बैठक द्यावी लागते. तीही प्रीसेटनेच, आवाज फाटणार नाही अशा जागी जुळवावी. कित्येकदा चिप उत्तम असते आणि ही बैठक चुकल्यामुळे ती मेली असे समजून लोक फेकून देतात. चिप फेकण्यापूर्वी हा प्रीसेट एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहावा.

या चिपा अंगावरच्या स्थिर विजेने मरतात. त्या थर्माकोलमध्ये खोचून ठेवण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. आलेल्या काळ्या स्पंजातच त्या राहू द्याव्यात, आणि हात लावण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करावा. मुलांकडून काम करवून घेताना वीज बॅटरीचीच घ्यावी. भिंतीतल्या २३० व्होल्टशी त्यांचा संबंध येता कामा नये.

मग सुरुवात कोठून करावी? माझा सल्ला असा. पहिले यंत्र पीटी २३९९ चे बांधावे. ते थोड्या पैशांत होते, लवकर बोलू लागते, आणि मुलांचा हुरूप टिकतो. दुसरे यंत्र व्ही ३२०७ आणि व्ही ३१०२ या जोडीवर कोरसचे बांधावे. खरे शिक्षण या दुसऱ्या यंत्रात आहे, कारण तेथे रांग, हुकूम, गळती, चाळणी सारे उघडे दिसते. क्लॉक हाताने कमीजास्त करून आवाज कसा बदलतो, ते मुलांना ऐकवता येते आणि मोजून दाखवताही येते. ३२०५ ची जोडी त्यानंतर.

जाता जाता तालाविषयी एक शब्द. एको वाटेल तेवढा ठेवला, तर परतणारे शब्द टाळांच्या मध्ये कुठेतरी आपटतात आणि गायन विस्कटते. मिनिटाला २०० मात्रांची लय असेल, तर एक मात्रा ६० भागिले २००, म्हणजे ०.३ सेकंदाची. विलंब ३०० मिलिसेकंद ठेवा. परतणारा आवाज बरोबर पुढच्या मात्रेवर पडेल. लय वाढली, तर खुंटी थोडी मागे घ्या. आपल्या पखवाजवाल्या दादांना हे सूत्र सांगून पाहा. ते घड्याळ न बघता, कानानेच खुंटी नेमकी लावतील.

आणि ज्यांच्या हाती खुंटी आहे, त्यांना एक विनंती. आपले समाजमंदिर, आपली पत्र्याची शाळा ही मुळातच घुमणारी असते. त्यात भाषणाच्या माइकला एको लावला, की मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना एकही वाक्य धड कळत नाही. ग्रामसभेत पाण्याच्या पाळीचा दिवस वाचून दाखवला जातो, दवाखान्याच्या शिबिराची तारीख सांगितली जाते. तो शब्द मागच्या बाकावरच्या आजीपर्यंत जसाच्या तसा पोहोचला पाहिजे. गजराला एको जरूर ठेवा. सूचना वाचायला घेतली, की खुंटी शून्यावर आणा. एवढे आजच सायंकाळी करून पाहता येईल. त्याला चिप विकत आणावी लागत नाही.